घरच्या कम्प्युटरवरचे प्रोग्रॅम आपोआप बंद होतात. मुलाच्या गेममुळे व्हायरस आला असेल का? फॉरमॅट मारू का?

फॉरमॅट आत्ता मारू नका, आणि मुलाला बोलणं आजपासून थांबवा. तुम्ही लिहिलंय की क्रोम असो, एक्सेल असो की व्हीएलसी, चालू असताना मध्येच बंद होतं, बहुतेक वेळा एररसुद्धा दिसत नाही, आणि दुकानदार म्हणतो मुलाने गेम टाकले त्यातून व्हायरस आला. एकमेकांशी काही संबंध नसलेले तीन प्रोग्रॅम आळीपाळीने बंद पडत असतील तर माझा पहिला संशय रॅमवर जातो, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या मेमरीवर.

हे इतकं ठासून सांगते कारण आमच्या घरात हा आरोप आईने सोसलाय.

आई सावंतवाडीला घरी डीटीपी करायची, म्हणजे छपाईसाठी कम्प्युटरवर मजकूर टाइप करून मांडून द्यायची. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची निमंत्रणं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, कुणाच्या देवस्थानाचा अहवाल. पानं मांडायला पेजमेकर आणि मराठी टायपिंगला श्रीलिपी, विंडोज सेव्हनचे दिवस. काम वाढलं, पत्रिकांवर फोटो यायला लागले, म्हणून दुकानातून रॅमची आणखी एक पट्टी टाकून घेतली. त्यानंतर पेजमेकर बंद पडायला लागला. मग वर्ड. मग फायरफॉक्स. कधी दिवसभर काही नाही, कधी तासाभरात अर्धी पत्रिका गेली.

दादाचं म्हणणं, आई एका वेळी दहा गोष्टी उघडते आणि कुठेही क्लिक करते. दुकानातल्या माणसाचं म्हणणं, गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येतात. दोघांचा उपाय मात्र एकच. कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात न्यायचं, फॉरमॅट मारायचं, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं, पैसे द्यायचे, परत आणायचं. दोन-चार दिवस बरं चालायचं, की पुन्हा तेच. आणि पुन्हा तेच झालं की दोघे आईकडे बघणार. मी पुण्याहून फोन केला की ती म्हणायची, "गो, मी काय्येक करूक नाय." तो आवाज मला अजून आठवतो. वीस वर्षं टायपिंग केलेली बाई स्वतःच्याच हातांवर संशय घ्यायला लागली होती. माउस धरताना घाबरायची.

एका फॉरमॅटमध्ये तिने जमवलेल्या पत्रिकांच्या बॉर्डर आणि गणपतीची सगळी चित्रं गेली. "बॅकअप घेतलाय" असं सांगितलं होतं, पण घेतला होता डी ड्राइव्हचा. चित्रं डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये. कुणी तिला विचारलंच नाही की तुमच्या फाइल कुठे असतात.

गणपतीत घरी गेले तेव्हा मी इव्हेंट व्ह्यूअर उघडला, म्हणजे बिघाडांच्या नोंदी दाखवणारं विंडोजमधलंच साधन. हे काम दुकानातही पाच मिनिटांत झालं असतं. विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन, तिथे लाल खुणेच्या 'ॲप्लिकेशन एरर', इव्हेंट आयडी १०००. प्रत्येक नोंदीत 'फॉल्टिंग मॉड्यूल' म्हणून एक नाव असतं, म्हणजे प्रोग्रॅमच्या कुठल्या भागात घात झाला ते. आईच्या मशीनवर दर वेळी वेगळं नाव होतं, पण एक्सेप्शन कोड बहुतेक ठिकाणी एकच, ०एक्ससी००००००५. याचा अर्थ, प्रोग्रॅम मेमरीतल्या अशा पत्त्यावर गेला जिथे जायची त्याला परवानगी नाही, म्हणून विंडोजने तो बंद केला. प्रोग्रॅमच्या स्वतःच्या चुकीनेही हा कोड येतो. पण सगळेच प्रोग्रॅम, दर वेळी वेगळ्या ठिकाणी, भलत्या पत्त्यावर जायला लागले तर पत्ता लिहून ठेवणारी मेमरीच तो चुकीचा परत देतेय असा संशय घ्यायलाच हवा.

आधीच्या नोंदी मात्र नव्हत्या. प्रत्येक फॉरमॅटने त्या पुसल्या होत्या. त्या सापडल्या आईच्या ऑर्डरच्या वहीत. काम गेलं आणि पत्रिका पुन्हा बनवावी लागली की ती समोर "परत केली" असं लिहायची, गिऱ्हाइकाला उशीर का झाला ते सांगता यावं म्हणून. खर्चही त्याच वहीत. पानं मागे मागे चाळत गेलं तर पहिलं "परत केली" हे "रॅम टाकली" या नोंदीच्या त्याच आठवड्यातलं. त्याआधीच्या पानांवर एकही नाही. व्हायरस नाही, दहा विंडो नाहीत. ज्या बाईला सगळे अडाणी ठरवत होते तिनेच अख्ख्या घरात एकटीने पुरावा जपून ठेवला होता.

रात्री विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक, म्हणजे विंडोजमधलीच रॅमची चाचणी, लावलं. एफ-१ दाबून 'एक्स्टेंडेड' चाचणी घेतली, हार्डवेअरमध्ये दोष असल्याचं स्क्रीनवर आलं. नवी पट्टी काढून जुनीच ठेवली, चाचणी स्वच्छ. मग नवी पट्टी जुन्याच्या स्लॉटमध्ये एकटी लावली, पुन्हा दोष. म्हणजे स्लॉट ठीक, पट्टीच खराब. दुकानाने ती वॉरंटीत बदलून दिली. फॉरमॅटचे पैसे परत दिले नाहीत आणि आईला कुणी सॉरीही म्हटलं नाही.

दादा आजही म्हणतो, "काही झालं तरी फॉरमॅटने मशीन साफ होतं ना." नाही होत, दादा. खराब रॅम असताना विंडोज टाकलं तर नव्या विंडोजच्या फाइल त्याच खराब रॅममधून जाऊन डिस्कवर लिहिल्या जातात, आणि त्यातली एखादी बिघडूनच बसू शकते. चार दिवस बरं वाटतं कारण कोऱ्या मशीनवर मेमरी कमी भरते आणि खराब भागाला हात लागत नाही. फोटो आणि फॉन्टचं ओझं वाढलं की तो भाग पुन्हा वापरात येतो.

तर तुम्ही: आधी मुलाच्या आणि तुमच्या फाइलींची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, डेस्कटॉप आणि डाउनलोड्ससकट. मग स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. तिथे तारखांखाली लाल फुल्या दिसतात. पहिली फुली कुठल्या दिवसाची आणि त्या सुमारास घरात काय बदललं ते बघा. नवी रॅम, नवा ड्रायव्हर, नवा अँटिव्हायरस, काहीही. रॅमची चाचणी रात्रभर चालू ठेवा. विंडोजचीच चाचणी पास झाली म्हणून लगेच सुटका नाही, पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवलेला जास्त भरवशाचा. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग, चालू असेल तर ते बंद करून बघा, कारण रॅम जास्त वेगाने पळवल्यानेही हेच होतं. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर मशीनचा प्लग काढून पट्टीचे सोनेरी पाय खोडरबरने हलके पुसून परत बसवा. दमट हवेत एवढ्यानेही फरक पडतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एकच प्रोग्रॅम बंद पडत असेल आणि मॉड्यूलचं नाव दर वेळी तेच येत असेल तर मी वर लिहिलेलं बाजूला ठेवा, दोष त्या प्रोग्रॅमचा किंवा त्याच्या ॲड-ऑनचा. फक्त गेम मरत असतील तर ग्राफिक्स ड्रायव्हर बघा. प्रोग्रॅमऐवजी अख्खं मशीन बंद होत असेल तर एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) किंवा उष्णता, तो वेगळा विषय. डिस्क जुनी असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची तब्येत तपासा. रॅम ४ जीबीच असेल तर ती खराब नसून नुसती अपुरीही असू शकते. आणि हो, व्हायरस असूही शकतो, विशेषतः क्रॅक केलेले गेम असतील तर. विंडोज डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा, उत्तर मिळेल. स्कॅन स्वच्छ आला तर ते मुलाला समोर बसवून सांगा.

पहिल्या लाल फुलीची तारीख आणि फॉल्टिंग मॉड्यूलची चार-पाच नावं प्रतिक्रियेत लिहा, मी बघते.