वाचकांचे प्रश्न : काउंटीची पलटण

प्रश्न : अमेरिकन क्रांतियुद्धाबद्दल वाचताना वॉशिंग्टनच्या फौजेशिवाय 'काउंटी मिलिशिया' असा उल्लेख सारखा येतो. ही खरी फौज होती की नुसती हौशी माणसं? आणि ओरिस्कनीच्या लढाईत तर त्यांची दाणादाण उडाली म्हणतात, मग त्यांचं एवढं कौतुक कशाला?

उत्तर : मिलिशिया म्हणजे काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, साध्या माणसांची फौज. हौशी अजिबात नाही, कारण त्यात जायचं की नाही हे माणसाच्या हातात नव्हतंच. न्यूयॉर्कमध्ये सोळा ते पन्नास वयाचे बहुतेक सगळे पुरुष नोंदले जायचे, बंदूक आपली आपण आणायची, आणि ज्या भागात राहता त्या भागाच्याच तुकडीत उभं राहायचं. म्हणजे शेजारी शेजारी बाप, मुलगा, मेहुणा असे सगळे. ऑर्डर आली की निघायचं, काम झालं की परत शेतावर.

तुम्ही म्हणता ती पलटण ट्रायॉन काउंटीची. मोहॉक नदीचं खोरं, बरेचसे लोक जर्मनीच्या पॅलेटाइन भागातून आलेल्या घराण्यांतले, गहू पिकवणारे. १७७७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिशांचा सेनापती सेंट लेजर याने अमेरिकनांच्या फोर्ट स्टॅनविक्स किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा ब्रिगेडियर जनरल निकोलस हर्किमर साधारण ८०० माणसं घेऊन किल्ल्याच्या मदतीला निघाला, वाटेत ओनायडा या मूळनिवासी जमातीचे साठेक योद्धेही सोबत आले. हर्किमरचा प्लॅन असा की किल्ल्यात निरोप पोचला की आतून तीन तोफा उडतील, त्याच वेळी आतल्यांनी बाहेर येऊन हल्ला करायचा, आणि तोवर आपण थांबायचं. पण तोफा काही ऐकू येईनात आणि त्याचेच अधिकारी चिडले, कारण हर्किमरचा सख्खा भाऊ ब्रिटिशांच्या बाजूला होता, मग त्याला तोंडावर भित्रा म्हटलं, फितूर म्हटलं, शेवटी त्याने कूच करायला सांगितलं. माझ्या मते थांबायचं म्हणण्यात त्याचंच बरोबर होतं.

६ ऑगस्टला किल्ला साधारण दहा किलोमीटरवर राहिला असताना वाट एका खोल घळीत उतरते, तिथे शत्रू दबा धरून बसलेला. एका बाजूला जॉन जॉन्सनची राजनिष्ठांची, म्हणजे ब्रिटिश राजाच्या बाजूच्या अमेरिकनांची, रेजिमेंट आणि दुसरा राजनिष्ठ अधिकारी बटलर याचे लोक, दुसरीकडे मोहॉक नेता जोसेफ ब्रँट आणि मोहॉक, सेनेका जमातींचे योद्धे. समोर उभे असलेले बरेच राजनिष्ठ याच खोऱ्यातले होते, म्हणजे लोक एकमेकांना चेहऱ्याने ओळखत होते, आणि या जमातींच्या इरोक्वॉय संघातही फूट पडून ओनायडा एकीकडे तर मोहॉक, सेनेका दुसरीकडे. हर्किमरचा कर्नल कॉक्स सुरुवातीलाच पडला. मागची पलटण घळीत शिरलीच नव्हती, तिच्यातले बरेच पळाले. हर्किमरचा घोडा मेला, त्याच्या पायाला गोळी लागली, तर त्याने खोगीर काढून झाडाखाली ठेवायला लावलं आणि त्यावर बसून ऑर्डर देत राहिला.

मध्येच जोराचा पाऊस आला आणि तासभर लढाई थांबली. ओल्या दारूने बंदूक चालत नाही ना. या वेळात त्याने जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. आधी काय होत होतं की एकाने गोळी झाडली की पुन्हा बंदूक भरेपर्यंत समोरचा टॉमहॉक (छोटी कुऱ्हाड) घेऊन अंगावर यायचा, म्हणून आता दोघादोघांनी एका झाडामागे उभं राहायचं, एकाने झाडायची तेव्हा दुसऱ्याची भरलेली पाहिजे. जाळ्यात सापडल्यावरही ही शेतकरी माणसं शिस्तीने लढली ती अशी. तेवढ्यात किल्ल्यातला अमेरिकन अधिकारी विलेट याने बाहेर पडून शत्रूच्या मोकळ्या छावण्या लुटल्या, ती बातमी पोचली आणि ब्रँटचे लोक मागे फिरले.

पण किंमत भयंकर होती. निम्म्याच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली, आणि सगळी एकाच खोऱ्यातली असल्यामुळे काही घरांतले कर्ते पुरुष एका दुपारीत संपले. मेलेल्यांना पुरायलाही कोणी थांबू शकलं नाही. हर्किमरचा पाय कापला आणि दहा दिवसांनी तो गेला. वेढा पुढे २२ ऑगस्टला उठला, अमेरिकन सेनापती बेनेडिक्ट आर्नल्डची फौज येतेय हे कळल्यावर. म्हणजे किल्ल्याची मदत ओरिस्कनीने थेट झाली नाही हे खरंच, पण शत्रूच्या गोटातले योद्धे त्या दिवसाच्या नुकसानीने आणि लुटीने आधीच नाराज झालेले होते. पुढच्या वर्षी याच खोऱ्यातली जर्मन फ्लॅट्स ही वस्ती जाळली गेली, तेव्हाही खोरं राखायला तीच उरलेली माणसं होती, म्हणून कौतुक.

प्रश्न : यातल्या साध्या शिपायांची माहिती आज मिळते का?

उत्तर : मिळते, आणि भरपूर. १८३२ च्या पेन्शन कायद्यात मिलिशियाची किमान सहा महिन्यांची नोकरीही धरली गेली, पण अनेकांकडे कागद नव्हते, म्हणून म्हाताऱ्या शिपायांनी कोर्टात शपथेवर सांगायचं की कुठे गेलो, कोणाच्या हाताखाली होतो, शेजाऱ्यांनी साक्ष द्यायची. वय सत्तर-ऐंशी, त्यामुळे तारखा चुकतात, पण कॅप्टन कोण होता हे बहुतेकांना आठवतं. नंतर विधवांनाही पेन्शन मिळालं आणि लग्नाचा पुरावा म्हणून काहींनी घरच्या बायबलमधली पानं फाडून जोडली, ती पानंही वॉशिंग्टन शहरातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्याच फायलींमध्ये आहेत. शोधताना आडनावाची स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाकून बघा, कारण जर्मन नावं कारकुनाने कानाला वाटली तशी लिहिलीत.