मेटाजीनोमिक्स असताना सिंगल सेलचा खटाटोप कशाला?

तुम्ही विचारलंय की मेटाजीनोमिक्सने, म्हणजे नमुन्यातल्या सगळ्यांचा डीएनए एकत्र वाचून, सूक्ष्मजीवांचे जीनोम (संपूर्ण डीएनए) निघतातच, तर मग एकेक पेशी वेगळी काढून सिक्वेन्स कशाला करायची, म्हणजे तिचा डीएनए वेगळा कशाला वाचायचा. मी याच कामात आहे म्हणून सांगतो, बऱ्याचदा खरंच गरज नसते. नुसतं कोण कोण आहे एवढंच बघायचं असेल तर मेटाजीनोमच करा, स्वस्तात सुटाल.

पण त्यात होतं काय, की सगळ्यांचा डीएनए एकत्रच काढला जातो, त्याचे तुकडे होतात आणि कुठला तुकडा कोणाचा ते नंतर सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवतं, त्यामुळे हाती येणारा जीनोम बहुधा एका जिवाणूचा नसतोच, त्याच्या सगळ्या भाऊबंदांची गोळाबेरीज असते. प्लाझमिड (मुख्य डीएनएहून वेगळा छोटा डीएनए) कोणाचा, व्हायरस नेमका कोणाच्या पोटात होता, हे बहुतेक वेळा कळत नाही. पेशी एकटी असेल तर तिच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या छोट्या खळग्यात) जे सापडलं ते तिच्या आतलं, नाहीतर तिला चिकटलेलं. २०१४ मध्ये समुद्रातल्या प्रोक्लोरोकॉकस या जिवाणूच्या पेशी अशाच एकेक करून तपासल्या तेव्हा एकाच पाण्यात त्याच्या शेकडो उपगट एकत्र नांदताना दिसल्या, सरासरीत हे दिसलं नसतं.

आता डोकेदुखी. एका जिवाणूत डीएनए असतो जेमतेम काही फेमटोग्रॅम (ग्रॅमच्या अब्जांशाचा दशलक्षांश), तो फाय२९ पॉलिमरेज या डीएनएच्या प्रती काढणाऱ्या एन्झाइमने ३० डिग्रीला कित्येक कोटीपट वाढवायचा, आणि हे एन्झाइम काही भाग भरमसाट वाढवतं, काही भागांना हातच लावत नाही, म्हणून जीनोम बऱ्याचदा अर्धामुर्धाच मिळतो. शिवाय रिएजंटमध्ये (वापरायच्या रसायनांत) बाहेरच्या डीएनएचा कण जरी असला तरी तोही तितक्याच उत्साहाने वाढतो! म्हणून रिएजंटना आधी यूव्ही देतात आणि प्लेटमध्ये काही वेल मुद्दाम रिकामे ठेवतात. मी रिझल्ट आला की आधी त्या रिकाम्यांचेच कर्व्ह (डीएनए कधी वाढला ते दाखवणारे आलेख) बघतो, पेशीवाले वेल लवकर वर चढायला हवेत आणि रिकामे खूप उशिरा, दोन्ही बरोबरीने चढले तर प्लेट गेली कामातून.

आणखी एक, जीनोमवरून पेशी काय करू शकते ते कळतं, आत्ता काय करतेय ते नाही. त्यासाठी फिश (चमकत्या खुणेने पेशी कोणाची ते ओळखणं) आणि नॅनोसिम्स (एकेका पेशीतले आयसोटोप मोजणारं यंत्र) जोडून बघतात, म्हणजे आयसोटोपवालं (वेगळ्या वजनाचे अणू असलेलं) खाद्य द्यायचं आणि कोणत्या पेशीने ते खाल्लं ते मोजायचं.

करायचंच ठरवलं तर नमुना ग्लिसरॉल घालून उणे ८० ला ठेवा, नुसता गोठवला तर पेशी फुटतात. आणि माती असेल तर पेशी कणांपासून सुट्या करण्यातच निम्मा जीव जातो, त्यापेक्षा पहिला प्रयोग पाण्यावर करा.