बसल्या जागी ठोके ९८: टेन्शनच असेल का?

‘ताई, मी नुसती बसलेली असते तरी घड्याळ ९८, १०२ दाखवतं. हार्टचं काही असेल का हो?’ मनगटावर ठोके मोजणारी घड्याळं आल्यापासून हा प्रश्न समुपदेशनात वरचेवर येतो. इथलं प्रकरण भांडुपला राहणाऱ्या आणि फोर्टमध्ये नोकरी करणाऱ्या, पस्तिशी ओलांडलेल्या एका बाईंचं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घरच्यांनी ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढ्यावर विषय मिटवला होता आणि बाई ‘मन शांत करायचं काहीतरी शिकवा’ म्हणून आल्या होत्या.

मनाकडे वळायच्या आधी आकडा तपासावा लागतो. मोठ्या माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ६० ते १०० धरतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे ५०च्या घरातही असतात. गडबड होते ती ‘विश्रांती’ कशाला म्हणायचं इथे. बाईंची एक नोंद लोकलमध्ये दांडी धरून उभ्या असतानाची होती, दुसरी जिना चढून खुर्चीत टेकल्या टेकल्या घेतलेली, तिसरी कडक चहानंतरची. यातली एकही विश्रांतीतली नव्हे. शिवाय घड्याळ त्वचेवर प्रकाश टाकून रक्ताची उसळी टिपतं, त्यामुळे पट्टा सैल असला किंवा हात हलत असला की ते चुकतं.

म्हणून मोजायची रीत बदलली. सकाळी उठून लघवीला जाऊन यायचं, चहाच्या आधी पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं, फोन लांब ठेवायचा. मग तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली ठेवायचं. नाडी अंगठ्याने बघू नये, अंगठ्यात स्वतःची नाडी उडत असते. मोजायचं पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारने गुणलं की एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. आणि हे दिवसातून एकदाच, सलग सात दिवस.

आठवड्याची वही आली: ८८ ते ९४. शंभराच्या आत आहे म्हणून सोडून देता आलं असतं. पण ऑफिसच्या जुन्या तपासणीत बाईंचे ठोके ७२ लिहिलेले होते. आपल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा पंधरा-वीसने चढलेला आणि चढलेलाच राहिलेला आकडा कारण मागतो, मग तो शंभराच्या आत का असेना.

‘टेन्शन’ हे उत्तर आमच्याकडे सगळ्यात शेवटी येतं. आधी डॉक्टरांकडे: सीबीसी (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी), थायरॉइडसाठी टीएसएच, साखर आणि ईसीजी. चालू औषधांची यादीही सोबत द्यावी, कारण दम्याचा पंप आणि सर्दीच्या काही गोळ्याही ठोके वाढवतात. बाईंचा ईसीजी आणि टीएसएच ठीक निघाले, हिमोग्लोबिन मात्र ९.१. बायकांमध्ये १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पाळीला अंगावरून खूप जातं हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलंच नव्हतं. रक्तातून प्राणवायू कमी पोचतो, म्हणून हृदय जादा खेपा घालतं, एवढं साधं गणित. त्यात भर पाण्याची. वाटेत स्वच्छतागृहाची पंचाईत, म्हणून घरून निघताना आणि ऑफिसातून सुटताना त्या पाणीच पीत नसत. मुंबईत नोकरी करणाऱ्या किती बायका असं करतात, विचारून बघा! अंगातलं पाणी घटलं की रक्ताचं आकारमान घटतं आणि ठोके वाढतात.

डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली होती, पण बाई ती सकाळच्या चहाबरोबर घेत. चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. गोळी आणि चहा यांच्यात निदान एक-दोन तासांचं अंतर हवं, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीपासूनही लांब. शौचाला काळसर झाली म्हणून घाबरून गोळी बंद करू नये. हिमोग्लोबिन भरून आल्यावरही साधारण तीन महिने ती चालू ठेवायला सांगतात, अंगातला साठा भरायला. रक्त जातं कशामुळे, ते बघायला स्त्रीरोगतज्ज्ञ हवेतच.

मनाचा भाग राहिला होता, आणि तो खराच होता. घड्याळ बघायचं, ९६ दिसलं की छातीत धस्स व्हायचं, पुन्हा बघावं तर १०४. दिवसभर हेच चाले. म्हणून घड्याळाच्या सूचना बंद केल्या, सकाळची एक नोंद तेवढी ठेवली. धडधड जाणवली तर आकडा बघण्याऐवजी नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. श्वास सोडताना ठोके आपसूक मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. दम लागेनासा झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, रोज ३० मिनिटं चालणं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. तीन महिन्यांनी वहीत ७६ ते ८० येऊ लागले.

छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी धाप लागणं, किंवा अचानक सुरू होऊन दीडशेच्या वर गेलेले ठोके असतील, तर वही मिटून १०८ला फोन करावा. ठोके अडखळत, वेडेवाकडे पडत असतील तर बाकी त्रास नसला तरी ईसीजी लांबवू नये.

मध्यंतरी बाईंनी विचारलं होतं, ‘शेजारचे काका ठोके कमी करायची गोळी घेतात, अर्धी घेऊन बघू?’ नाही. त्या गोळीने आकडा उतरला असता आणि रक्तक्षय तसाच झाकून राहिला असता. दमा असलेल्याला अशा गोळीने श्वास कोंडू शकतो. आणि काकांनीही ती मनाने एकाएकी सोडू नये, ठोके उलट उसळतात.