आधी काय ऐकू?

इलेक्ट्रॉनिक संगीतात स्वागत! यादी मोठी करू नकोस, सुरुवातीला तीन गाणी पुरेत.

पहिलं, १९७७ चं 'आय फील लव्ह'. हेडफोन लावूनच ऐक; मोबाइलच्या स्पीकरवर बास मरतो आणि सगळी गंमत तिथेच आहे. गायिका डोना समरचा आवाज क्षणभर बाजूला ठेव. बासचा सूर एका कानात, त्याचा प्रतिध्वनी दुसऱ्या कानात, म्हणून ती लय पळतेय असं वाटतं. सगळं मशीनच वाटतं ना? किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) मात्र माणसाने वाजवलाय!

मग क्राफ्टवेर्क या जर्मन बँडचं 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' आणि लगेच त्याचीच धून घेतलेलं, १९८२ चं हिप-हॉप गाणं 'प्लॅनेट रॉक'. जर्मन धून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सला पोचल्यावर तिचं काय झालं ते आपोआप कळेल.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- थेट गोवा ट्रान्सपासून (गोव्याच्या पार्ट्यांमधून आलेली शैली) सुरुवात. ते बरंच नंतरचं. आधी शिकागोचं हाऊस, डेट्रॉइटचं टेक्नो.
- मुंबईच्या चरणजित सिंग यांची १९८२ ची डिस्को-रागांची तबकडी ऐकून 'ॲसिड हाऊस (शिकागोच्या हाऊसचीच एक शाखा) आपलंच' म्हणणं. टीबी-३०३, म्हणजे ॲसिड हाऊसला त्याचा खास आवाज देणारं बासचं यंत्र, त्यांनी आधी वापरलं, खरंय. पण शिकागोवाल्यांनी ती तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. (तबकडी भन्नाट आहे, जरूर ऐक.)

सिंथेसायझर विकत घ्यायचं आत्ता डोक्यातही आणू नकोस.