बालवाडीतल्या मुलांना फुलपाखराचं जीवनचक्र कोणत्या कृतीतून शिकवावं?

साबुदाण्याची अंडी, लोकरीची अळी, कापसाचा कोश असा तक्ता साडेतीन-चार वर्षांच्या मुलांकडून करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. निदान आधी तरी नका. अंगणातल्या लिंबाची (कडुलिंबाची नव्हे) नाहीतर कढीपत्त्याची कोवळी पानं उलटून बघा, पक्ष्याच्या शिटेसारखी काळी-पांढरी अळी दिसेल. तीच वर्गात आणा.

मी जळगाव जिल्ह्यातली, कापसाच्या पट्ट्यातली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्या वर्षी मी एका खाजगी बालवर्गात शिकवत होते. दसऱ्यानंतर मी लिंबाच्या फांदीवरच्या तीन अळ्या बरणीत घालून नेल्या. बघताक्षणी एक मुलगा अहिराणीत ओरडला, "मॅडम, अयी शे! मारी टाका!" अळी आहे, मारून टाका. चार वर्षांचं पोर. घरात रोज तेच ऐकत होतं, त्याचा काय दोष?

मी मारली नाही. त्यालाच रोज ताजी पानं घालायचं काम दिलं. चौथ्या दिवशी कात टाकून अळी हिरवीगार झाली आणि टाकलेली कात तिनं खाऊन टाकली. मुलं श्वास रोखून बघत होती. त्यानं कापसाच्या काडीनं तिला हळूच डिवचलं, तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दोन शिंगं बाहेर आली आणि उग्र वास सुटला. सगळा वर्ग किंचाळला आणि लगेच "पुन्हा, पुन्हा" सुरू झालं. त्या दिवसापासून तो सकाळी आला की दप्तर ठेवायच्या आधी बरणीपाशी जायचा, लेंड्या मोजायचा. दहापर्यंतचे आकडे त्याला तिथेच पक्के झाले.

मग तिन्ही अळ्यांनी कोश केले. दोन काडीवर, एक झाकणाला, कमरेला रेशमाचा एकेक धागा बांधून. आणि त्याच आठवड्यात पालकांना वर्ग दाखवायचा दिवस आला. मुख्याध्यापिका बाईंनी मला न विचारता बरणी कचऱ्यात टाकायला लावली. "आई-वडिलांना किडे दाखवायचे का?" भिंतीवर साबुदाण्याचा तक्ता लागला. मुलांनी त्यातलं काहीच केलं नव्हतं, सगळं आम्ही बायकांनी रात्री जागून चिकटवलं होतं. कचऱ्यात मला फक्त झाकण सापडलं. ते घरी नेलं. रविवारी सकाळी फुलपाखरू बाहेर आलं. तासभर ओले पंख पसरून बसलं आणि उडून गेलं. बघायला मी एकटी होते. सोमवारी पोरानं विचारलं, "मॅडम, मनी अयी कोठे गयी?" उडून गेली म्हटलं. त्याला ते पटलं नाही. त्यानं पाहिलंच नव्हतं.

मुलं घाबरतात, घाण वाटते, असं मला त्या वेळी सांगितलं गेलं. आजही सांगतात. खोटं आहे. घाबरतात ते मोठे. आणि तुमच्या त्या तक्त्यात चूकही आहे. कापसात गुंडाळलेला कोश बहुतेक पतंगाचा असतो, रेशीमकिड्यासारखा. फुलपाखराची अळी स्वतःभोवती घर विणत नाही. शेवटची कात टाकली की आतून कोशच बाहेर येतो. अळी घर बांधून झोपली, हे गाणं म्हणून ठीक आहे, शिकवू नका.

करायचं कसं? मोठ्या बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड लावा. फांदी पाण्याच्या लहान बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळी बुडते. लेंड्या रोज काढा. कोश काडीवर असेल तर आजूबाजूला मोकळी जागा ठेवा, पंख पसरायला लागते. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, त्यात कोशाचे आठ-दहा दिवस. जून-जुलैत पाऊस झाला की सुरू करा, एप्रिल-मेच्या उन्हात नाही. बाहेर येताना तांबूस पाणी गळतं. ते रक्त नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. पंख सोडवायला कुणीही हात लावायचा नाही, तुम्हीसुद्धा.

फवारणी झालेल्या झाडाची पानं अजिबात नकोत. केसाळ सुरवंट आणू नका, अंगाला खाज सुटते. रुईवरही अळ्या भरपूर मिळतात, पण तिचा चीक डोळ्यात गेला तर त्रास होतो, म्हणून लहानांसाठी लिंबूच बरं. कधी कोशाला भोक पडून आत वाढलेली बारीक गांधीलमाशी निघते. मुलांना तेही खरं सांगा. आणि शेतकरी आई-वडिलांनी विचारलं तर बोंडअळी मारावीच लागते, हेही लपवू नका. तिचा पतंग होतो, आणि ती आपलं पीक खाते. लिंबाच्या रोपवाटिकेतही हीच लिंबावरची अळी नको असते.

आता मी घरीच बालवाडी चालवते. चिकटकाम आम्हीही करतो, फक्त फुलपाखरू उडाल्यानंतर. तेव्हा मुलं मातीच्या अळीला शिंगं लावतात, मी सांगितलेलं नसतं.