राग नव्हे, रग: ‘जॅझ’ आणि त्याच्या गोतावळ्यातले शब्द

एका वाचकाने एका दमात चार प्रश्न विचारले आहेत. ‘जॅझ’ हा शब्द मुळात कुठला? रॅगटाइम, ब्लूज, डिक्सिलँड, स्विंग हे सगळे जॅझचे प्रकार मानायचे का? ‘रॅग’ हा आपल्या ‘राग’चाच अपभ्रंश आहे असं कुठेतरी वाचलं, ते खरं का? आणि मराठीत जॅझ लिहावं की जाझ?

शेवटचा प्रश्न सोपा, तो आधी उरकतो. ‘बॅट’, ‘बॅग’ लिहितो तसंच ‘जॅझ’ लिहावं. सुरुवातीचा ज ‘जीव’मधला आणि शेवटचा झ ‘ओझं’मधला. हिंदीला इथे नुक्ता द्यावा लागतो. आपल्याकडे ‘ओझं’, ‘माझा’ म्हणणारी जीभ आधीपासून तयार असल्याने नुक्त्याची गरज नाही. ‘जाझ’ही छापलेलं दिसतं, त्यावरून भांडायला मी जाणार नाही.

रॅग आणि राग यांचा काडीचाही संबंध नाही. ‘रॅग’ बहुधा ‘रॅगेड’वरून आला, म्हणजे फाटक्या, दातेरी कडांचा. त्या संगीतातली लय तशी तुटक वाटते म्हणून हे नाव. पण ज्याला ध्वनिसाम्याची हौसच आहे त्याच्यासाठी एक योगायोग सांगतो: ‘जॅझ’चा सर्वात जुना अर्थ मराठीत एका शब्दात सांगायचा तर तो ‘रग’ आहे. अंगातली रग.

झालं असं की हा शब्द छापील मजकुरात पहिल्यांदा भेटतो तो बेसबॉलच्या बातमीत. एप्रिल १९१२ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने बेन हेंडरसन नावाच्या पिचरविषयी, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूविषयी, लिहिलं. आपल्या हेलकावे खात जाणाऱ्या नव्या चेंडूला तो ‘जॅझ बॉल’ म्हणत होता. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘बुलेटिन’चा क्रीडा वार्ताहर स्कूप ग्लीसन तिथल्या ‘सील्स’ संघाच्या सराव शिबिराच्या बातम्यांत हा शब्द सढळ हाताने पेरू लागला. अर्थ तोच: दम, जोश, रग. १८६० मध्ये ‘जॅझम’ असा एक शब्द याच अर्थाने छापलेला सापडतो, त्यामुळे त्याच्याकडे बोट दाखवणारे अभ्यासक बरेच आहेत. मलाही तेच पटतं.

संगीताला हा शब्द चिकटला शिकागोत, १९१५ च्या सुमारास. त्या वर्षी ११ जुलैच्या ‘शिकागो डेली ट्रिब्यून’मध्ये चक्क ‘ब्लूज म्हणजे जॅझ आणि जॅझ म्हणजे ब्लूज’ अशा मथळ्याचा लेख आहे. म्हणजे तुम्हाला पडलेला घोळ शंभर वर्षांहून जुना आहे! न्यू ऑर्लिन्स हे या संगीताचं माहेर, पण तिथल्या वर्तमानपत्रात हा शब्द यायला १९१६ चा नोव्हेंबर उजाडला. बाकी व्युत्पत्त्या पुष्कळ फिरतात. कोणी जास्मिन अत्तराचं नाव घेतं, कोणी फ्रेंच ‘जाझे’ म्हणजे गप्पा मारणे, कोणी जॅझबो ब्राउन नावाचा वादक उभा करतं. यातल्या एकीलाही त्या काळातला लेखी पुरावा नाही. स्पेलिंगही तेव्हा पक्कं नव्हतं. काही फलकांवर शेवटी दोन झेड, काहींवर दोन एस. एसवाल्या फलकांवरचं पहिलं अक्षर पोरं खोडत आणि मग उरलेल्या अक्षरांतून भलताच अर्थ निघे, म्हणून स्पेलिंग बदललं, अशी एक कथा सांगतात. कथा चांगली आहे, एवढंच म्हणतो.

मग शब्द यायच्या आधी वाजवणारे आपल्या वाजवण्याला काय म्हणत? बहुतेक जण रॅगटाइमच म्हणत. न्यू ऑर्लिन्सचा क्लॅरिनेटवादक सिडनी बेशे याने आत्मचरित्रात स्पष्टच सांगितलं आहे की ‘जॅझ’ हे गोऱ्यांनी दिलेलं नाव, आमच्यासाठी ते रॅगटाइमच. पुढे पियानोवादक ड्यूक एलिंग्टन आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांनाही हा शब्द आवडत नसे. त्याला चिकटलेले चावट अर्थ आणि बाजारूपणा हे त्याचं एक कारण. तरीही अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००० साली ‘विसाव्या शतकाचा शब्द’ म्हणून याचीच निवड केली. वादकांना नको असलेला शब्द कोशकारांना प्रिय झाला, असं क्वचितच होतं.

आता प्रकारांकडे येऊ. घोळ होतो तो या नावांची एका रांगेत यादी केल्यामुळे. ही नावं एका जातीची नाहीतच. एक लिहिलेल्या पियानोसंगीताचं नाव आहे, एक गाण्याच्या आराखड्याचं, एक लेबल आहे आणि एक वाजवण्याच्या गुणाचं.

रॅगटाइम म्हणजे कागदावर स्वरलिपीत उतरवलेलं पियानोसंगीत. १८९० च्या दशकात अमेरिकेच्या मिझुरी राज्यात आणि आसपास ते फोफावलं. स्कॉट जॉप्लिनचं ‘मेपल लीफ रॅग’ १८९९ मध्ये सेडालियातल्या प्रकाशकाने छापलं. यात डावा हात घड्याळासारखा चालतो: खालचा सूर, मग वरची स्वरसंगती, पुन्हा खालचा, पुन्हा वरची. उजव्या हाताचे आघात मात्र मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतात. गाडी डाव्या हाताने रुळावर ठेवायची आणि उजव्याने ती सतत खेचत राहायची, अशी ही रस्सीखेच. जॉप्लिनला ते धावतं वाजवलेलं खपत नसे. रॅगटाइम जलद वाजवणं कधीच बरोबर नाही, अशी तंबी त्याने छापील प्रतींवरच दिली होती.

रॅगटाइम आणि जॅझ यांतला फरक शब्दांत सांगण्यापेक्षा एक ध्वनिमुद्रण ऐका. १९३८ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स या लोकसंगीत गोळा करणाऱ्या अभ्यासकाने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी जेली रोल मॉर्टन या न्यू ऑर्लिन्सच्या पियानोवादकाला बोलतं केलं. मॉर्टन मोठा बोलघेवडा. जॅझ मी १९०२ मध्ये शोधून काढला, असं त्याने त्याच वर्षी छापूनही आणलं होतं. ती फुशारकी सोडा. पण या ध्वनिमुद्रणात तो ‘मेपल लीफ रॅग’ आधी मिझुरीच्या ढंगाने वाजवतो आणि मग आपल्या. दुसऱ्या खेपेला चाल तीच राहते, पण ताठरपणा जातो, डाव्या हाताला मधेच वेगळ्या लकेरी सुचतात, आणि लिहिलेलं गाणं नुसता आधार होऊन जातं. तो क्षण ज्याच्या कानाने टिपला, त्याला व्याख्येची गरज उरत नाही.

ब्लूज हा शब्द ‘ब्लू डेव्हिल्स’ या जुन्या इंग्रजी प्रयोगातला, अर्थ उदासी. पण वादकांच्या बोलण्यात ब्लूज हा एक ठरीव आराखडा आहे, म्हणून मराठीतही ‘एक ब्लूज वाजवला’ असं एकवचनच योग्य. शेवटच्या ज-ला फसून अनेकवचन करू नये. आराखडा असा: चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. त्यात तीन ओळी. पहिली म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीने तिला उत्तर द्यायचं. खालचा आधार पहिले चार बार षड्जावर, मग दोन बार मध्यमावर जाऊन परत षड्जावर, मग पंचमावर चढून शेवटी पुन्हा घरी. गाणाऱ्याची ओळ चार बार पुरत नाही, साधारण निम्म्यावर संपते. उरलेल्या जागेत वाद्य बोलतं. वर ‘ब्लू नोट’ म्हणून जे स्वर सांगतात त्यातला मुख्य गंधार, तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी झुलता ठेवलेला. निषादाचंही तसंच. पियानोला ती जागा नाही, म्हणून पियानोवाले दोन्ही पट्ट्या एकदम दाबून ती भूक भागवतात. श्रुतींची सवय असलेल्या आपल्या कानाला याचं नवल वाटू नये.

संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीने १९१४ मध्ये ‘सेंट लुई ब्लूज’ छापलं. त्याचं बेसी स्मिथ या गायिकेने १९२५ च्या जानेवारीत केलेलं ध्वनिमुद्रण मराठी माणसाने मुद्दाम ऐकावं. साथीला दोनच वादक: लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रंपेटच्याच जातीचं आखूड पितळी वाद्य), आणि फ्रेड लाँगशॉ, तोही पियानोवर नाही तर पायाने भाता मारायच्या ऑर्गनवर! आपल्या संगीत नाटकांत वाजायचा त्याच जातीचा. बेसी ओळ संपवते न संपवते तोच आर्मस्ट्राँग उरलेल्या जागेत शिरतो, आणि ते उत्तर दर वेळी निराळं असतं.

न्यू ऑर्लिन्समध्ये या दोन्ही धारा पितळी वाद्यांच्या बॅण्डला येऊन मिळाल्या. या शहरात काँगो स्क्वेअर नावाच्या मैदानात गुलामांना रविवारी जमून नाचता-वाजवता येत असे. फ्रेंच वळणाच्या, मिश्रवंशीय क्रिओल घरांतली मुलं स्वरलिपी वाचून क्लॅरिनेट शिकत. मिरवणुकांची हौस गावभर. अंत्ययात्रेत जाताना बॅण्ड संथ चाली वाजवी आणि दफन उरकून परतताना उडत्या. मागून नाचत येणाऱ्या लोकांच्या घोळक्याला ‘सेकंड लाइन’ म्हणत, आजही म्हणतात. या मिश्रणातला पहिला नामांकित कॉर्नेटवादक बडी बोल्डन. १९०७ मध्ये तो मनोरुग्णालयात गेला आणि १९३१ मध्ये तिथेच वारला. त्याचा एक सूरही ध्वनिमुद्रित मिळत नाही, त्यामुळे त्याच्याविषयी कोणीही काहीही सांगू शकतं, आणि सांगतं.

या बॅण्डात कॉर्नेट मूळ चाल धरतो, क्लॅरिनेट वरून तिच्याभोवती नक्षी काढतो, ट्रॉम्बोन खालून तिला टेकू देत घसरत राहतो. तिघेही एकाच वेळी आपापलं सुचलेलं वाजवतात, तरी कालवा होत नाही. ट्रॉम्बोनच्या त्या घसरत्या शैलीला ‘टेलगेट’ म्हणतात. टेलगेट म्हणजे गाडीच्या मागचं फळकूट. जाहिरातीसाठी बॅण्ड घोडागाडीतून गावभर फिरवत. ट्रॉम्बोनची लांब नळी पुढे-मागे करताना दुसऱ्याच्या पाठीत बसायला नको, म्हणून त्या वादकाची जागा कायम त्या फळकुटाशी.

पहिली जॅझ तबकडी मात्र या काळ्या वादकांची नव्हे. २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर कंपनीने ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बॅण्ड या पाच गोऱ्या वादकांच्या संचाचं ध्वनिमुद्रण केलं. ‘लिव्हरी स्टेबल ब्लूज’मध्ये क्लॅरिनेट कोंबड्यासारखा आरवतो, कॉर्नेट घोड्यासारखा खिंकाळतो, ट्रॉम्बोन गाईसारखा हंबरतो. तबकडी धडाक्याने खपली आणि देशभर लोकांना वाटलं, जॅझ म्हणजे हा गोंगाट. न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हर याच्या संचाने, ज्यात तरणा आर्मस्ट्राँग दुसरा कॉर्नेट वाजवत होता, १९२३ च्या एप्रिलमध्ये इंडियानातल्या रिचमंड गावी केलेली ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकली की नक्कल कोणती आणि अस्सल कोणतं ते कळतं. ‘डिक्सी’ हे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांचं लाडकं नाव. डिक्सिलँड हे लेबल गोऱ्या संचांना आणि पुढे १९४० च्या दशकातल्या पुनरुज्जीवनाला चिकटलं. न्यू ऑर्लिन्सच्या अनेक काळ्या वादकांना ते नकोसं वाटतं. मी ‘न्यू ऑर्लिन्स शैली’ म्हणतो, तुम्हीही म्हणावं.

स्विंगचे दोन अर्थ वेगळे ठेवा. एक गुण: मात्रेचे दोन समान तुकडे न पाडता पहिला लांबवायचा, दुसरा आखडायचा. किती, हे कागदावर लिहिता येत नाही, वादकागणिक आणि लयीगणिक बदलतं. दुसरा कालखंड: मोठ्या नाचाच्या संचांचा. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या संचाने २१ ऑगस्ट १९३५ ला लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये गर्दी वेडी केली, ती तारीख त्याची सुरुवात म्हणून सांगतात. पण आर्मस्ट्राँग त्याच्या दहा वर्षं आधीपासून ‘स्विंग’ करतच होता.

मुंबईत जॅझ रुजला तो या दुसऱ्या अर्थाच्या स्विंगच्या काळात. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन संच ताजमहाल हॉटेलात आला, मग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. आणि वाजवायला, शिकायला टपून बसले होते ते गोव्याचे वादक. चर्चच्या शाळांत स्वरलिपी वाचायला शिकल्यामुळे त्यांना कागद ठेवला की वाजवता येई. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट नावाने गाजला, त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’त त्याचा संच वापरला, त्यातल्या एका गाण्यात तो पडद्यावरही दिसतो. लाखो मराठी घरांनी जॅझ असा, नाव माहीत नसताना ऐकला.

या गोतावळ्यातला एक शब्द आज मराठी वर्तमानपत्रांत रोज दिसतो: ‘गिग कामगार’. १९२० च्या दशकात ‘गिग’ जॅझ वादकांच्या तोंडी होता, अर्थ एका रात्रीचं वाजवायचं काम. आपल्या बॅण्डवाल्यांकडे त्यासाठी ‘सुपारी’ आहे. अमक्या तारखेची सुपारी घेतली म्हणजे वाजवायला जायचंच, पुढचं पुढे.