सफरचंदावर डाग आणि आत अळी: फवारू का?

प्रश्न: परसात सफरचंदाची दोन झाडे आहेत. फळांवर काळपट डाग पडतात, काही फळे आतून किडलेली निघतात. विक्रेत्याने बुरशीनाशक, कीटकनाशक आणि टॉनिक एकत्र करून दर आठ दिवसांनी फवारायला सांगितले आहे. फवारू का?

उत्तर: नाही. आधी डागाळलेले फळ कापून बघा.

डाग सालीवर, खरबरीत, तडकलेला आणि पानांवरही मखमली हिरवट-तपकिरी ठिपके असतील, तर तो स्कॅब, म्हणजे खपली रोग. पडलेला डाग औषधाने जात नाही. बुरशीनाशक घ्यायचेच तर पालवी फुटताना, पावसाआधी. डागाखालचा गर तपकिरी, बुचासारखा आणि पाने स्वच्छ असतील तर हा रोगच नव्हे. फळाला कॅल्शियम कमी पडले आहे. नत्र जास्त आणि पाणी अनियमित झाले की असे होते. त्यात नत्राचे टॉनिक मारलेत तर डाग वाढतील!

भोकाच्या तोंडाशी विष्ठेचा भुसा आणि बोगदा थेट बियांपर्यंत, ही कॉडलिंग पतंगाची अळी. ती आत शिरली की कोणतेही औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. फवारणीचा उपयोग अंडी फुटतानाच. किडके फळ दिसल्यावर पंप उचलणारे कित्येक बागांत पाहिले. औषध संपते, अळी तशीच राहते.

आठवड्याच्या फवारणीने मित्रकीटक मरतात आणि लोकरी मावा, लाल कोळी या रस शोषणाऱ्या किडी उसळतात. फुलोऱ्यात कीटकनाशक नाही म्हणजे नाहीच. बहुतेक जातींना दुसऱ्या जातीचे पराग लागतात आणि ते मुख्यतः मधमाशी आणते. मात्रा लेबलवरची, ‘थोडी जास्त’ नाही. काढणीपूर्वीचा प्रतीक्षा काळही लेबलवरच वाचा, विक्रेत्याला विचारू नका. तीन औषधे एका पंपात तर मुळीच नकोत. गंधक हे बुरशीनाशक 30 अंशांपुढच्या उन्हात मारले की पाने करपतात.

दोनच झाडे आहेत, तर पिशव्या बांधा. हे मी प्रत्येकाला सांगतो. फळ सुपारीएवढे झाले की घोसात एकच ठेवा आणि त्याला कागदी पिशवी घाला. अळीला शिरायला फळच सापडत नाही.

स्कॅबची बुरशी गळलेल्या पानांत थंडी काढते, म्हणून पानगळ झाली की झाडाखालचे पान न् पान उचला. किडकी फळे मात्र आजपासूनच रोज वेचून नष्ट करा. ती पडून राहिली तर अळी बाहेर येते आणि खोडाच्या सालीखाली कोष करते.